विषय क्रमांक सहा

वासा शहर, फिनलंड. नोव्हेंबर.
दुपारचे साडेतीन, बाहेर अंधार पडत आलेला.
नकाशाकारांच्या संघाची वार्षिक सभा.
हजर एकोणीस. रजा कळवलेले चार.
वारलेले एक: तोर्स्तेन नीगोर्ड.
त्याच्या खुर्चीवर कुणीतरी ओला कोट टाकला आहे.
मी चिटणीस. लिहिणं माझं काम.

मागचं इतिवृत्त वाचून कायम.
वर्गणी पाच युरोंनी वाढवावी का, यावर मात्र पाऊण तास.

विषय क्रमांक सहा: खडक.

आमच्याकडे जमीन वर येते.
हजारो वर्षांपूर्वी तिच्यावरून बर्फाचं ओझं उतरलं,
पाठ अजून सरळ होते आहे,
वर्षाला आठ मिलिमीटर.
इतरांच्या पायाखालची जमीन सरकते,
आमची उचलली जाते, न सांगता.
हॉल्गेरच्या बापाचं होडीघर आता सातूच्या शेतात,
दार उघडलं की समोर ट्रॅक्टर.
नकाशा छापून येईतो समुद्र जरासा मागे गेलेला असतो.
आम्ही कायम थोड्याशा पाण्याचे देणेकरी.

ओत्सो उठला. वय सव्वीस.
विमानातून लेझरने मोजलेले ठिपके
त्याने पडद्यावर ओतले, मोहरीचा डबा लवंडावा तसे.
मधोमध एक टेंगूळ:
सरासरी पाण्याच्या वर अकरा सेंटीमीटर,
लांबी चार मीटर, एका सीलला आडवं व्हायला पुरेल इतकी.
"जुन्या कुठल्याच नकाशात नाही," तो म्हणाला,
"अगदी नवा आहे."

नवा, या शब्दावर औलिक्की हसली.
एक्क्याऐंशी वर्षांची,
टाकाने किनारे काढणाऱ्यांतली शेवटची;
मधल्या बोटाला अजून घट्टा आहे.
तिने पिशवीतून गुंडाळी काढली, टेबलावर उलगडली,
चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार पेले ठेवले.
सन त्र्याऐंशीचा कच्चा आराखडा.
पेन्सिलीची एक बारीक फुली, शेजारी तोर्स्तेनचं तिरकं अक्षर:
इथे होडी खरवडली. पाणी वीतभर.
खाली लाल शाईत समितीचा शेरा:
पुरावा अपुरा. वगळावे.
आणि सही.

सही वाचायला मला चष्मा लागला नाही.
ती तिचीच होती.

"दोनदा होडी पाठवली होती मी," ती म्हणाली,
"दोन्ही वेळा दक्षिणेचा वारा, पाणी फुगलेलं.
सापडला नाही.
त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही.
चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून कॉफी प्यायला."

कुणीतरी सुचवलं, बेटाला तोर्स्तेनचं नाव द्यावं.
दोघातिघांनी टाळ्या वाजवायलाही घेतल्या.
"नको," औलिक्की म्हणाली. "त्याने शोधला नव्हता,
तो आदळला होता."
मग जरा थांबून, पेल्याकडे बघत:
"त्र्याऐंशीच्या पत्रकाची दुरुस्ती काढा.
आधी त्याची फुली. बेट मग."

"पण ते पत्रक आता कुणी वापरतच नाही," ओत्सो म्हणाला.
त्याचं बरोबर होतं.
"तरी," ती म्हणाली.

ठराव: त्र्याऐंशीच्या पत्रकाला दुरुस्ती जोडावी.
बाजूने अठरा, विरोधी कुणी नाही, तटस्थ एक.
नावावर एकमत झालं नाही. पुढच्या सभेपर्यंत तहकूब.
तोवर तो आठ मिलिमीटर आणखी वर येईल,
बिननावाचा, पाठीवर पक्ष्यांची विष्ठा घेऊन.

कॉफी व दालचिनीचे पाव: बेचाळीस युरो. मंजूर.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावल्या.
कोट ज्याचा त्याने नेला होता, खुर्ची ओलीच होती.
मग वही उघडून आधी लिहिलेलं वाचलं:
विषय क्रमांक सहा, नवा खडक.
'नवा' खोडला.
खोडलेलं दिसेल, असा खोडला.